पाचव्या नंबरवरचा पंखा

सोलापूरच्या ज्या घरांत आमची पिढी वाढली, त्या घरांत बाकीच्या वस्तूंना मालक होते. रेडिओ वडिलांचा, शिलाई मशीन आईचं, सायकल थोरल्या भावाची. पंखा मात्र सगळ्यांचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत साखर पेठ असो, मंगळवार पेठ असो की मुरारजी पेठ, बेताच्या परिस्थितीच्या घरात छताचा पंखा बहुधा एकच असायचा आणि तो मधल्या खोलीत असायचा. पुष्कळ घरांत तो लग्नात आंदण म्हणून आलेला. उषा, ओरिएंट, क्रॉम्प्टन, खेतान ही नावं आम्ही जमिनीवर उताणे पडून वाचायला शिकलो. ती मोटरच्या खालच्या झाकणावर लिहिलेली असायची आणि पंखा थांबल्याशिवाय नीट वाचता यायची नाहीत.

एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडायचा आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसवर जाऊन बसायचा. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री दहापर्यंत धग सोडत राहायच्या. ज्यांच्याकडे गच्ची होती ती माणसं संध्याकाळी तिच्यावर पाणी मारायची आणि सतरंज्या घेऊन वर जायची. खाली पंख्यापाशी उरायची ती बाळंतीण, तान्हं मूल, आजारी माणूस आणि आजी. पावसाळ्याच्या तोंडाला गच्ची बंद झाली की सगळं घर मधल्या खोलीत येई. मग शहाबादी फरशीवर कोणी कुठे अंथरूण टाकायचं हे ठरलेलं असे. आजी मधोमध कधीच झोपायची नाही, थेट वारं तिच्या गुडघ्यांना सोसायचं नाही. धाकटी पोरं मध्ये, मोठी कडेला. आई दारापाशी, म्हणजे वारा जिथे संपतो तिथे. पाहुणे आले की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सरकायची. तिची ही जागा त्या वेळी कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, आज मात्र ती खोली आठवली की सगळ्यांत आधी तीच दिसते.

रेग्युलेटर भिंतीवर असायचा. मोठा, चौकोनी, काळा किंवा तपकिरी डबा, मध्ये गोल खुंटी आणि एक ते पाच आकडे. हात लावला तर गरम लागायचा. त्याच्या आत तारेचं वेटोळं असे. पंखा हळू करायचा म्हणजे काही वीज त्या वेटोळ्यात अडवायची आणि तिची उष्णता करून टाकायची, एवढंच त्याचं काम. त्यामुळे पंखा दोनवर ठेवून वीजबिलात वाचायचं ते थोडंच. वडीलधारी माणसं तरीही वर्षानुवर्षं पंखा दोनवर ठेवत आली. महिन्याच्या खर्चात जिथे जिथे हात आखडता येत होता, तिथे तिथे ती आखडत होती. पाच नंबर लावायचा तो मे महिन्यातल्या दुपारी, घरी जावई आले तर, किंवा कुणाला ताप चढला तर. आणि पाचवर नेला की पंखा डुलायचा.

सगळ्यांत आधी ते आईला कळायचं. डोळ्यांनी पाहायच्या आधी तिला ते ऐकू यायचं. नीट फिरणाऱ्या पंख्याचा आवाज एकसारखा असतो. डुलणाऱ्या पंख्यात प्रत्येक फेरीला एक बारीक ‘कुट’ मिसळतो. रात्री सगळे निजल्यावर ती तो ऐकत राहायची आणि सकाळी चहा देताना म्हणायची, “अहो, पंखा लै डुलालाय बगा.” वडील मान वर करून बघायचे. “आत्ता तर हलंना.” “आत्ता दोनवर हाय की. पाचवर करा.” मग पाचवर केला जायचा, सगळं घर माना वर करून उभं राहायचं आणि छताशी असलेली वाटी दांडीवर खुळखुळायला लागायची. आजी कुणालाही न विचारता आपली वळकटी हातभर सरकवायची.

हे नेमकं उन्हाळ्यातच का व्हायचं, याला कारण होतं. आमची जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. या तुळईला आरपार भोक पाडून बोल्ट घालत, नाहीतर तिच्याभोवती लोखंडी पट्टा आवळून त्याला पंखा टांगत. चैत्र-वैशाखात लाकूड सुकतं, आकसतं, आणि दिवाळीत घट्ट असलेला पट्टा मे महिन्यात सैल होतो. वरून मातीही झडत असे. ती पात्यांवर सारखी पडत नाही. त्यात सोलापूरची कोरडी धूळ आणि शेजारच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर मिळून पात्याच्या पुढच्या धारेवर एक काळी चिकट पट्टी जमायची. पत्र्याच्या घरांत वेगळा त्रास. तिथे पंखा लोखंडी पाइपाला किंवा अँगलला टांगलेला असे आणि तो पाइपच मुळात हलता. अशा घरी दांडीला दोन बाजूंनी तारेचे ताण दिलेले आम्ही पाहिले आहेत.

पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या घरांची कथा तर आणखी निराळी. अशोक चौक, कन्ना चौक, भद्रावती पेठ या भागांत एका खोलीत यंत्रमाग आणि दुसऱ्या खोलीत संसार, असं सर्रास होतं. आंध्र-तेलंगणातून येऊन इथे रुजलेल्या पद्मशाली कुटुंबांनी सोलापुरी चादर आणि टॉवेल देशभर पोचवले ते अशाच घरांतून. मागातला धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाहून त्या टोकाला ठोकला जायचा आणि तो हादरा मधल्या भिंतीतून थेट पंख्याच्या स्क्रूपर्यंत पोचायचा. त्या घरांत दर काही दिवसांनी पंख्याचे स्क्रू आवळणं हे दिव्यात तेल घालण्याइतकं नेमाचं काम होतं. तिथल्या मित्रांच्या घरी झोपायला गेलो की माग थांबल्यावर पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू यायचा. मित्राची आई तेलुगूत त्याच्या वडिलांना जे सांगायची, ते आमच्या आईचंच वाक्य असणार हे भाषा न येताही कळायचं.

पंखा दुरुस्त करायला दुकानातून माणूस बोलावण्याची रीत नव्हती. वाइंडिंग जळलं तरच पंखा रिवायंडिंगवाल्याकडे जायचा. कंडेन्सर गेला, म्हणजे पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो, तर वडील स्वतः अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर आणून जोडायचे. डुलणं मात्र अवघड काम समजलं जाई, आणि त्यासाठी गल्लीतल्या फिटर मामांना निरोप जायचा. सोलापूरच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत असे एक मामा होते. कुणी लक्ष्मी-विष्णू गिरणीत फिटर, कुणी नरसिंग गिरजीत, कुणी जाम मिलमध्ये. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आमच्या जन्माच्या सुमाराला बंद पडली होती, पण तिथे हात तयार झालेली म्हातारी माणसं कट्ट्यावर बसलेली असायची आणि पंखा उतरवताना खालून सल्ला द्यायची.

या माणसांना डुलणं कळायचं ते गिरणीमुळे. सूतकताईच्या साच्यावर शेकडो चात्या एका रांगेत फिरतात, मिनिटाला हजारो फेऱ्या घेत. त्यातली एक जरी तोल सोडून फिरू लागली तरी सूत तुटतं आणि खात्यात ओरड होते. एवढ्या गोंगाटात नेमकी कुठली चाती बिघडली हे ज्याला कानाने ओळखता येतं, त्याला मिनिटाला साडेतीनशे फेऱ्या घेणारा घरचा पंखा म्हणजे सावकाश बोलणारं माणूस. मामा आल्या आल्या वर बघायचे नाहीत. पंखा पाचवर लावायला सांगून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मग विचारायचे, “दिवाळीला धुतलाव का?”

हा प्रश्न कधी वाया गेला नाही. पंखा स्वच्छ केल्यानंतर डुलायला लागतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ओल्या फडक्याने जोरात पुसताना पातं दाबलं जातं आणि ज्या पट्टीवर ते बसवलेलं असतं ती जरा वाकते. दुसरं कारण जास्त मोठं. कारखान्यात तीन पाती वजनाने जुळवून एक संच करतात. मोठ्या वाड्यात दिवाळीला दोन-तीन बिऱ्हाडांचे पंखे एकदम उतरवले, पाती अंगणात एकाच बादलीपाशी धुतली आणि नंतर हाताला येतील तशी बसवली की सगळेच पंखे डुलायचे. हे एकदा भोगलेल्या बायका पुढच्या वर्षी पाती काढायच्या आधी प्रत्येकाच्या मुळाशी रंगीत सुताची गाठ मारून ठेवायच्या. आमच्या पंख्याला लाल, शेजारच्यांना हिरवी. सोलापुरात सुताला तोटा नव्हता. नुसती धूळ काढायची असेल तर उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून अलगद ओढायचा, म्हणजे पातं दबत नाही आणि कचरा अंथरुणावर पडत नाही. ही युक्तीही त्यांचीच.

मामांच्या कामाला क्रम होता. आधी मीटरपाशी जाऊन चिनीमातीचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. नुसतं बटण बंद करून ते कधी वर चढले नाहीत. घरात पोरं असतात, कोण कधी बटण दाबेल सांगता येत नाही, असं म्हणायचे. मग पलंगावर स्टूल, स्टुलाला दोघांनी धरायचं. वर गेल्यावर पहिला हात दांडीच्या वरच्या टोकाला. तिथे बोल्ट झिजला आहे का, त्याच्या टोकाची स्प्लिट पिन जागेवर आहे का, रबरी बुश कडक होऊन चिरला आहे का, हे सगळं बोटांनी चाचपायचं. खरा धोका तिथेच असतो. नुसतं डुलणं लगेच पंखा पाडत नाही, पण महिनोन्‌महिने डुलत राहिलेला पंखा पिन ढिली करतो आणि कडी झिजवतो. बुश गेला असेल तर सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून तात्पुरता बसवलेलाही आम्ही पाहिला आहे. त्यानंतर पात्यांचे स्क्रू, एकेक करून, पेचकसाने.

इतकं करूनही डुलणं गेलं नाही की मापं घ्यायची. त्यासाठी लागायची एक लांब काठी आणि धागा. काठी छताला एका जागी टेकवून उभी धरायची, पात्याचं टोक जिथे येईल तिथे धाग्याची खूण बांधायची. मग काठी तशीच ठेवून हाताने दुसरं पातं त्याच जागी आणायचं, नंतर तिसरं. माळवदाचं छत कधी सपाट नसतं, पण जागा एकच असल्यामुळे त्याने फरक पडत नाही. तिन्ही टोकं खुणेवर आली पाहिजेत. एखादं खाली-वर असेल तर पातं नाही, पट्टी धरून हलकेच वाकवायची. दुसरं माप पात्यांच्या टोकांमधलं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सूत ताणून धरायचं आणि तेच सूत उरलेल्या दोन जागी लावून बघायचं. १२०० मिलिमीटरच्या पंख्यात हे अंतर सुमारे १०४ सेंटिमीटर येतं. मामांना आकडा माहीत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. तिन्हीकडे सूत तेवढंच भरलं की झालं.

आणि शेवटचा उपाय नाण्याचा. पातं सरळ, उंची सारखी, तरी डुलतो, म्हणजे वजनात फरक. मामा वडिलांकडे चार आणे मागायचे. ते नाणं एका पात्यावर, वरच्या बाजूला, आधी नुसतं चिकटपट्टीने लावायचं. फ्यूज बसवायचा, पंखा पाचवर. डुलणं वाढलं तर दुसऱ्या पात्यावर, मग तिसऱ्यावर. पातं सापडलं की नाणं मुळाकडून टोकाकडे बोटबोट सरकवत न्यायचं. खाली आम्ही सगळे ओरडून सांगायचो, “कमी झालं! अजून थोडं!” जागा पक्की झाली की एम-सील मळून नाणं कायमचं बसवायचं. चार आण्याने एवढा जड पंखा कसा सावरतो, याचं आम्हाला लहानपणी फार नवल वाटायचं. पुढे शाळेत वर्तुळाकार गतीचं सूत्र आलं तेव्हा हिशेब मांडला. मध्यापासून ५५ सेंटिमीटरवर चिकटवलेलं ३ ग्रॅमचं नाणं मिनिटाला ३५० फेऱ्यांना बाहेरच्या बाजूला सव्वादोनशे ग्रॅम वजनाइतकी ओढ लावतं, म्हणजे स्वतःच्या पंचाहत्तर पट. वेग निम्मा केला की ही ओढ पाव होते. दोनवर शांत असलेला पंखा पाचवर का बिथरतो, ते त्या वहीच्या पानावर कळलं. मामा कदाचित चौथीही शिकले नसतील, पण नाणं टोकाकडे न्यायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

काम झाल्यावर पैशांची गोष्ट निघायची नाही. चहा, आणि जेवायची वेळ असेल तर कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. खंडेनवमीला त्यांच्या घरी पाना, पक्कड, कानस पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिलेली असत. दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो की ते विचारायचे, “पंखा कसाय?” माणसांची खुशाली नंतर.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतला कुणी विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून रात्री उशिरा माणसं झोपलेली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ, सोलापूरपासून सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर. भांडी वाजली, दारं खडखडली आणि जागे झालेल्या पुष्कळांनी पहिली नजर टाकली ती पंख्याकडे. बंद असलेला पंखाही दांडीसकट झुलत होता. पुढचे कित्येक महिने धक्के जाणवत राहिले आणि घराघरांत खात्री करायची रीत तीच झाली. कुणी म्हणालं, “हललं का?” की सगळ्यांचे डोळे वर. ज्या पंख्याचं डुलणं आम्ही हसत-खेळत काढलं होतं, तो सरळ उभा आहे ना हे पाहताना पोटात गोळा यायचा.

किल्लारीला माणसं दगावली ती बव्हंशी अशाच घरांखाली, ज्यांत आम्ही वाढलो होतो. दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचा जाड थर. त्यानंतर सोलापुरात माळवदाखाली निर्धास्त झोप लागेना. ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकली, काहींनी जुने वाडे विकले, काही जुळे सोलापूर या नव्या वसाहतीकडे गेले. तुळईला आवळलेला लोखंडी पट्टा जाऊन स्लॅबमध्ये पुरलेला हूक आला. तो लाकडासारखा आकसत नाही, सैल होत नाही. डुलण्याचं एक मोठं कारण तिथेच संपलं. त्याच दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली. गिरणीचा भोंगा थांबला आणि फिटर मामांपैकी काहींनी चौकात वायरमनचं काम धरलं. आयुष्यभर ज्यांनी शेजारधर्म म्हणून पंखे सरळ केले, त्यांना तेच काम पैसे घेऊन करताना फार अवघड जायचं. आमच्या दारात आलेले एक मामा पैसे हातात घेईनात. शेवटी आईने ते त्यांच्या नातवाच्या खिशात घातले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भारनियमनाची वर्षं आली, इन्व्हर्टर आले, कूलर आले, प्रत्येक खोलीला पंखा आला. रेग्युलेटरचा गरम डबा जाऊन बोटभर बटण आलं. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालं. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घ्यायचा, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा तीस वॅटच्या आसपास भागवतो. म्हणजे दिवसाचे बारा तास पाचवर ठेवला तरी अर्धं युनिटही जात नाही. पंखा दोनवर ठेवणाऱ्या त्या माणसांना हे सुख मिळायला हवं होतं, असं फार वाटतं.

पात्याचा तोल मात्र अजून तसाच आहे. मोटर कितीही हुशार झाली तरी पट्टी वाकली की पंखा डुलणार, आणि एका संचाची पाती दुसऱ्यात गेली तरी डुलणार. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. गेंड्याचं चित्र असलेली स्टीलची ती नाणी सोलापुरातल्या जुन्या पंख्यांच्या पाठीवर मात्र अजून काम करत असतील. गिरण्यांचा इतिहास लिहिला जातो त्यात मालक असतात, संप असतात, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे असतात, आणि ते असलेच पाहिजेत. पण साच्यावरच्या चातीचा तोल ज्यांनी घराघरांत नेला, त्या फिटर मामांना कुणी अजून पुरतं विचारलेलं नाही. त्यांतले काही आज ऐंशीच्या पुढे आहेत. कुठल्या खात्यात होतात, कान कसा तयार झाला, हे विचारायला बसलं तर ते लगेच बोलत नाहीत. आधी तुमच्या घरच्या पंख्याची चौकशी करतात, दांडी किती लांब आहे आणि कितव्या नंबरवर डुलतो ते विचारतात, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू होतं.